पांढऱ्या सदऱ्याचे दोन रंग: परग्रहवासीयाच्या नजरेतून रहस्यकथा कशी रचावी

रात्री मालवणच्या किनाऱ्यावर समुद्राकडे तोंड करून उभे राहा. लांब एका होडीचा बाजूचा दिवा दिसतोय, आणि तो लाल आहे. म्हणजे होडीची डावी बाजू तुमच्याकडे आहे. ती तुमच्या डाव्या हाताला, दक्षिणेला, वेंगुर्ल्या-गोव्याच्या दिशेने चालली आहे. तोच दिवा हिरवा दिसला असता तर होडी देवगडाकडे निघाली असती. डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा, हा दर्यावरचा नियम.

आता त्या रात्री किनाऱ्यावर एकच माणूस जागा होता आणि त्याला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही, असं धरा. त्याने दिवा पाहिला, अंदाजाने "हिरवा" म्हटलं. पोलीस देवगडाकडे धावले आणि होडी पहाटे गोव्याला लागली. तो माणूस खोटं बोलला नाही. त्याला जे दिसलं ते त्याने सांगितलं.

माझ्या एका मामांची नजर अशी होती. झाडावरचा पिकलेला रातांबा, म्हणजे कोकमाचं लाल फळ, त्यांना पानांतून वेगळा दिसत नसे, हात लावून मऊ-कडक पाहून ते काढत. रात्री होडीचं सुकाणू त्यांनी कधी हातात घेतलं नाही. लहानपणी मला वाटायचं, मामा आमची गंमत करतात. खूप वर्षांनी विज्ञानकथा लिहायला बसलो तेव्हा कळलं की रहस्यकथेला लागणारा सगळ्यात चांगला साक्षीदार माझ्या घरातच होता: खरं बोलणारा, पण वेगळं पाहणारा. परग्रहावरच्या पात्राला हीच जागा द्यायची असते. ती कशी द्यायची, ते पहिल्यांदाच लिहिणाऱ्यांसाठी क्रमाने सांगतो.

पहिली पायरी: आधी त्यांचा सूर्य ठरवा

नवे लेखक डोळ्यांपासून सुरुवात करतात. सहा डोळे, जांभळी बुबुळं वगैरे. त्याआधी त्या डोळ्यांवर कुठला उजेड पडत आला, हे ठरवा. आपल्या सूर्याच्या पृष्ठभागाचं तापमान सुमारे 5,800 केल्विन आहे आणि त्याचा प्रकाश 500 नॅनोमीटरच्या आसपास सर्वात तेजस्वी असतो (नॅनोमीटर हे प्रकाशलहरीची लांबी मोजायचं माप). आपले डोळे साधारण 400 ते 700 नॅनोमीटरच्या पट्ट्यात पाहतात, ते याच उजेडात घडलेले आहेत.

ट्रॅपिस्ट-1 हा तारा आपल्यापासून सुमारे 40 प्रकाशवर्षं दूर आहे. त्याच्याभोवती सात ग्रह असल्याचं 2017 मध्ये जाहीर झालं. त्याचं तापमान 2,600 केल्विनच्याही खाली आहे, म्हणजे त्याचा बहुतेक उजेड अवरक्त, आपल्याला न दिसणारा. तिथे कुणी वाढलं असेल तर त्याची नजर अवरक्ताकडे झुकलेली असण्याची शक्यता जास्त, आणि आपला निळा रंग त्याला कदाचित काळाच. एवढ्या एका निर्णयातून तुम्हाला कथेतले दहा लहान तपशील मिळतात.

ग्रहावर पाणीच पाणी असेल तर हिशोब वेगळा. तारकर्लीला स्कूबा डायव्हिंग केलेल्या कुणालाही विचारा. पाणी लाल रंग सर्वात आधी गिळतं. काही मीटर खाली गेल्यावर लाल वस्तू मळकट दिसू लागतात आणि आणखी खोलात बोट कापलं तर रक्तसुद्धा हिरवट-काळं दिसतं. खोल समुद्रात वाढलेल्या जिवाला लाल दिसण्याचं कारणच नाही. मात्र पृथ्वीच्याच खोल समुद्रात मॅलाकॉस्टियस नावाचा मासा आहे. त्याच्या डोळ्याखालचा अवयव लाल उजेड फेकतो, जो आजूबाजूच्या बहुतेक जिवांना दिसत नाही. स्वतःपुरता कंदील! काळोख्या खोलीत सगळ्यांसमोर खून झाला आणि कुणालाच काही दिसलं नाही, अशी कथा लिहायची असेल तर हा मासा तुमच्या वहीत नोंदवून ठेवा.

दुसरी पायरी: त्याला काय दिसत नाही, ते लिहा

इथे मला थोडं आग्रहाने बोलायचं आहे, कारण सर्वात जास्त कथा याच ठिकाणी फसतात. परग्रहावरच्या पाहुण्याला सगळंच दिसतं असं लिहिलं की रहस्य संपलं. मग तो साक्षीदार राहत नाही, देव होतो.

माणसाच्या डोळ्यात रंगांसाठी तीन प्रकारच्या शंकुपेशी असतात. कुत्र्याच्या डोळ्यात दोन. मधमाशीच्या डोळ्यातही तीन प्रकारचे ग्राहक, म्हणजे उजेड टिपणाऱ्या पेशी, पण अतिनील (जांभळ्याच्या पलीकडचा, आपल्याला न दिसणारा), निळा आणि हिरवा यांचे. तिला अतिनील दिसतं, लाल दिसत नाही. बहुतेक पक्ष्यांकडे चार. मॅन्टिस श्रिंप नावाचा, नांगीसारख्या हाताने सपकन वार करणारा प्राणी आपल्या कोळ्यांच्या जाळ्यातही येतो. त्याच्या डोळ्यात रंगांसाठी 12 प्रकारचे ग्राहक असतात. पण 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसलं की जवळजवळच्या दोन रंगछटा ओळखण्यात तो माणसापेक्षा बराच मागे आहे. ग्राहक जास्त म्हणजे नजर तीक्ष्ण, असं नसतं.

आणि माकुल (स्क्विड) पाहा. बहुतेक माकुलांच्या डोळ्यात रंगांसाठी एकच ग्राहक, म्हणजे ती रंगांधळी. तरीही बघता बघता अंगाचा रंग बदलून वाळूत मिसळून जातात. शिवाय प्रकाशाचं ध्रुवीकरण, म्हणजे प्रकाशलहर कुठल्या दिशेने थरथरते ते, त्यांना कळतं, जे आपल्याला खास चष्म्याशिवाय सहसा कळत नाही. एक उणीव आणि एक अधिकची जाण, अशी जोडी पात्राला दिली की ते पात्र उभं राहतं.

तेव्हा वहीत दोनच ओळी लिहा: "याला हे दिसतं, आपल्याला नाही." "आपल्याला हे दिसतं, याला नाही." तिसरी ओळ लिहावीशी वाटली तर खोडा.

तिसरी पायरी: त्याला मराठी रंग कुणी शिकवले?

साक्ष शब्दांत होते आणि मराठीत रंगांचे शब्द वस्तूंवरून आलेले आहेत. अबोली, आमसुली, मोरपंखी, गुलबक्षी, जांभळा, राखाडी. वस्तू दाखवूनच शब्द शिकवला जातो. पाहुण्याला आजीने जास्वंदीचं फूल दाखवून "लाल" शिकवलं असेल, तर त्याच्या मनात "लाल" म्हणजे जास्वंद त्याला जशी दिसते ते सगळं. त्यात आपल्याला न दिसणारा एखादा अंशही मिसळलेला असेल. दुसरी एखादी लाल वस्तू, समजा प्लॅस्टिकची बादली, त्याला त्या रंगाची वाटणारच नाही. तो म्हणेल, "बादली लाल नव्हती." फौजदार म्हणतील, "हा भरकटलाय."

आपले डोळेही असे फसतात, फक्त आपल्याला ते जाणवत नाही. फोनच्या पडद्यावर हापूसचा फोटो पाहा. तिथे पिवळा उजेड नसतोच, लाल आणि हिरवे ठिपके मिळून पिवळ्याचा भास करून देतात. तीन शंकुपेशींच्या डोळ्याला तेवढं पुरतं. चार किंवा पाच प्रकारचे ग्राहक असलेल्या पाहुण्याला तो फोटो आंब्याचा वाटणार नाही. म्हणून संशयिताचा रंगीत फोटो त्याच्यापुढे ठेवून "हाच का तो?" असं विचारणारा फौजदार कथेत असेल, तर पाहुण्याने चेहऱ्याच्या ठेवणीवरून उत्तर द्यावं, रंगावरून नव्हे. हा तपशील चुकला की जाणता वाचक तिथेच पुस्तक मिटतो.

दोन पिवळ्यांमधला फरक किती मोलाचा असतो, याची खरी गोष्ट आपल्या किनाऱ्याला जवळची आहे. विजयदुर्गावर साहेबाचे ओटे म्हणून जागा दाखवतात आणि 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणाशी तिचं नातं सांगतात. त्या वर्षी सूर्याच्या प्रकाशाच्या वर्णपटात एक पिवळी रेषा मिळाली. ती सोडियमची म्हणावी, तर सोडियमच्या दोन रेषा 589 नॅनोमीटरच्या आसपास आणि ही 587.5 वर. दीड नॅनोमीटरचा फरक, नुसत्या डोळ्याला दोन्ही पिवळेच. त्या फरकातून हेलियमचा शोध लागला, आणि पृथ्वीवर तो हाती यायला 1895 उजाडलं. ही पुरेपूर गुप्तहेरकथा आहे: संशयित आधी सापडला, ओळख 27 वर्षांनी पटली.

चौथी पायरी: सुगावा तीनदा दाखवा, एकदाही बोट ठेवू नका

आता एक कथा मांडून दाखवतो. सिंधुदुर्गातलं खाडीकाठचं एक गाव, नाव तुम्ही द्या. आंब्याचा मोसम. परग्रहावरचा पाहुणा एका घरी राहून माणसांच्या चालीरीती शिकतोय. त्याच्या दोन ओळी: त्याला अतिनील दिसतं, आणि गर्द लाल त्याला काळा दिसतो.

घरातली आजी जुन्या सवयीने साबणाच्या वडीने कपडे धुते. आंबे भरायच्या शेडमध्ये मात्र पांढरंशुभ्र करणारी धुण्याची पावडर ठेवलेली आहे. अशा पावडरींत चकाकी आणणारी द्रव्यं असतात. ती अतिनील प्रकाश शोषतात आणि त्याबदली निळसर उजेड बाहेर टाकतात. म्हणून कपडा आपल्याला जास्त पांढरा वाटतो. पण ज्याला अतिनील दिसतं, त्याच्या नजरेत त्या कपड्यातून एक रंग नाहीसा झालेला असतो.

पहिलं दृश्य, खळ्यातली वाळत घातलेली धुणी. पाहुणा आजीला विचारतो, हे दोन सदरे वेगवेगळ्या रंगांचे का? आजी म्हणते, "दोनय पांढरेच आसत रे. तुका येगळे कशे दिसतत?" आणि ती आंबोशी उलटायला निघून जाते. वाचक हसतो, पुढे जातो. तो इथे हसायलाच हवा.

दुसरं दृश्य, आंब्याच्या व्यापाऱ्याची पेढी. मोसमात रोकड हाताळायची म्हणून त्याने नोटा तपासायचा जांभळा दिवा ठेवलाय. पाचशेची नोट दिव्याखाली धरली की तिच्यावरचे क्रमांक आणि धागे चमकून उठतात. पाहुणा त्या दिव्याकडे पाहतच राहतो, कारण त्याच्या दृष्टीने त्या अंधाऱ्या खोलीत लख्ख ऊन पडलंय. व्यापारी आपला घासाघीस करतोय. दृश्य भावाचं आहे, दिवा कोपऱ्यात आहे.

मग अढीच्या खोलीत गवतावर व्यापाऱ्याचा मृतदेह सापडतो. सकाळच्या उन्हात शेडमधून बाहेर पडणारा एक माणूस पाहुण्याने पाहिलेला असतो. तो सांगतो, "त्याच्या सदऱ्याची उजवी बाही वेगळ्या रंगाची होती." गावात असा दोनरंगी सदरा कुणाकडे नाही. संध्याकाळी चौकीत एका माणसाचा पांढरा सदरा त्याच्यापुढे धरतात. पाहुणा नीट पाहतो आणि म्हणतो, "हा सगळा एकाच रंगाचा आहे." साक्ष फुकट गेली.

इथे कथा थोडी थांबू द्या. वाचकाला दोन-तीन पानं हळहळू द्या.

चौकीत एलईडीचा बल्ब होता. साध्या पांढऱ्या एलईडीच्या उजेडात अतिनील जवळजवळ नसतंच. जो रंग उजेडातच नाही, तो कपड्यावरून परत कसा येणार? तोच सदरा उन्हात आणला की पाहुणा उडून म्हणतो, "हाच!" त्या माणसाने रक्ताने भरलेली बाही तेवढी शेडमधल्या पावडरीने विहिरीवर धुतली होती. बाकीचा सदरा आजीच्या साबणाचा. म्हणजे सदरा आजीच्या घरातला, आणि खुनी कोण ते तिथेच उघडं पडतं.

तरीही पाहुण्याच्या शब्दावर कुणाला शिक्षा होऊ देऊ नका. माणसांना माणसांच्या डोळ्यांनी दिसेल असा पुरावा हवाच, आणि तो तुम्ही दुसऱ्या दृश्यात ठेवून दिला आहे. नोटांचा दिवा आणतात, दार लावून घेतात, सदरा त्याखाली धरतात. उजवी बाही निळसर चमकते, बाकी सदरा मंद. मला या क्षणाचं फार अप्रूप वाटतं. परक्याची नजर पहिल्यांदाच सगळ्या गावाला उसनी मिळते, आणि खळ्यातली आजी तिच्या त्या दिवशीच्या प्रश्नाकडे परत जाते.

आणखी एक गाठ मारता येईल. तो माणूस बचावासाठी म्हणतो, "रक्त नव्हतं, आगळ सांडलं होतं." कोकमाचा लाल रंग अँथोसायनिनचा असतो. तो आंबटात लाल राहतो आणि साबण-सोडा लागला की निळसर-काळपट होतो. घरोघरी हे माहीत आहे. तेव्हा धुताना पाणी कसलं झालं होतं, हे विहिरीवरच्या बाईला विचारायचं. ती साधी बाई इथे सगळ्यांत हुशार तपासनीस ठरू शकते.

पाचवी पायरी: प्रत्येक दृश्यात दिवा कुठला, ते लिहून ठेवा

वरची कथा ज्या खिळ्यावर टांगली आहे तो खिळा म्हणजे चौकीतला बल्ब. म्हणून दृश्यांची यादी करा आणि प्रत्येकापुढे उजेडाचा प्रकार लिहा: ऊन, ढगाळ दुपार, कंदील, एलईडी, पाण्याखाली. कमी दाबाच्या सोडियम दिव्याखाली उजेड जवळजवळ एकाच पिवळ्याचा असतो, तिथे माणसालाही रंग कळत नाहीत, फक्त उजळ आणि गडद. दोन कपडे एका दिव्याखाली जुळतात आणि दुसऱ्याखाली वेगळे दिसतात, हे साडीच्या दुकानातून दारापर्यंत साडी घेऊन येणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक असतं.

तिन्हीसांजेची वेळ विशेष जपा. अंगणातली जास्वंद रोज संध्याकाळी पाहा. उजेड सरता सरता फूल आधी काळं पडतं आणि पानं अजून फिकट उजळ दिसत असतात. मंद प्रकाशात आपली नजर दुसऱ्या पेशींवर जाते आणि लाल आधी बुडतो, याला पुर्किन्ये परिणाम म्हणतात. माणूस साक्षीदारही तिन्हीसांजेला चुकतो, हे पाहुण्याच्या शेजारी ठेवलं तर दोघांच्याही साक्षींना सारखंच वजन येतं.

सहावी पायरी: घरी करून पाहा

टीव्हीच्या रिमोटचं टोक फोनच्या कॅमेऱ्यापुढे धरून बटण दाबा. बहुतेक फोनांवर जांभळट ठिणगी दिसेल. मागच्या कॅमेऱ्यात नाही दिसली तर पुढच्यात पाहा. ते अवरक्त तुमच्या डोळ्याला दिसत नाही. अवरक्ताची ऊब टिपणारा चापडा साप कोकणातच आहे, त्याच्या डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये त्यासाठी खळगे असतात. नोटा तपासायची छोटी अतिनील बॅटरी मिळाली तर रात्री कपाट उघडून सदऱ्यांवर फिरवा, पण डोळ्यांत कधीही मारू नका. आगळाचा एक थेंब जुन्या फडक्यावर टाका आणि त्यावर साबणाचं पाणी सोडा. जे पाहिलं ते त्याच दिवशी लिहून काढा. लिहिताना तुमची वाक्यं आपोआप खरी होतात, ऐकीव तपशिलाला ती धार येत नाही.

सातवी पायरी: उलगडा कुणाच्या तोंडी द्यायचा

पाहुण्याच्या तोंडी देऊ नका. त्याला त्याची नजर नेहमीचीच वाटते, त्यात सांगण्यासारखं काही आहे हे त्याला कळणारच नाही. जॉन डाल्टन याने 1794 मध्ये स्वतःच्या रंगांधळेपणावर निबंध वाचला. आपल्या डोळ्यातला द्रव निळा असावा असं त्याला वाटे, म्हणून मृत्यूनंतर डोळे तपासायला त्याने सांगून ठेवलं. 1844 मध्ये तपासलं, द्रव स्वच्छ निघाला. डोळा जपून ठेवला होता. 1995 मध्ये त्यातल्या डीएनएवरून कळलं की हिरव्याकडे झुकलेल्या शंकुपेशीचं जनुक त्याच्यात नव्हतं. एवढा मोठा शास्त्रज्ञ, तरी स्वतःच्या नजरेचं कारण त्याला आतून सापडलं नाही.

म्हणून उलगडा अशा माणसाकडे द्या जो पाहुण्याच्या बरोबर राहिला आहे आणि ज्याने त्याचे चमत्कारिक प्रश्न कानामागे टाकलेले नाहीत. वरच्या कथेत मी तो आजीकडे दिला असता. तिला नॅनोमीटर ठाऊक नाहीत, पण कुठला सदरा कुठल्या साबणाने धुतला हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नाही. विज्ञानाचं स्पष्टीकरण त्यानंतर चार-पाच वाक्यांत, डॉक्टर किंवा शिक्षक असं कुणी असेल त्याच्याकडून. त्याहून लांबलं तर कापा.

कच्चा खर्डा झाला की तो विज्ञान न वाचणाऱ्या कुणाला तरी द्या आणि सांगा, खुनी कोण ते कळेल त्या पानावर पेन्सिलीने खूण कर. खूण खळ्यातल्या दृश्यावर आली तर आजीचं वाक्य जड झालंय, हलकं करा. शेवटच्या पानापर्यंत खूणच नसेल, तर वाचकाला मागे जाऊन ते वाक्य शोधायला सांगा. ते त्याला एका मिनिटात सापडलं पाहिजे.